ताप नाही, जखम नाही, साखर नाही

पायाला हात लावण्याआधी, हात न लावण्याची कारणं शोधण्यात जो माणूस निम्मी संध्याकाळ घालवतो, त्याला वैद्य म्हणावं की वकील, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आमच्या बिल्डिंगीतले मोरोक्कोवाले त्यांना 'दोक्तोर रेगेल' म्हणायचे, म्हणजे पायांचे डॉक्टर. आम्ही मुंबईहून आलेले लोक नाना म्हणायचो. ते स्वतःला काहीच म्हणवून घेत नसत. बाकीची माणसं इस्रायलला आल्यावर आधी 'शालोम' शिकली, मग पाव कुठे मिळतो ते विचारायला शिकली. नानांनी पाठ केलेलं पहिलं हिब्रू वाक्य 'अनी लो रोफे'. मी डॉक्टर नाही. दार उघडलं की आधी हे वाक्य, मग शालोम.

हल्ली अश्दोदच्या बाजारात त्या विद्येच्या पाट्या लागलेल्या दिसतात. रिफ्लेक्सॉलॉजी. आत मंद दिवे असतात, पाण्याच्या खळखळीची टेप लावलेली असते. माझी नात तिथे पाय दाबून घेऊन येते आणि डोळे अर्धे मिटून म्हणते, "सव्ता, एझे केफ!" आजी, काय मजा! मी मराठीत विचारते, "अगं, आधी तुला काही विचारलं का त्यांनी?" ती हिब्रूत म्हणते, यात विचारायचं काय? झालं. मला नाना आठवतात आणि माझा चहा गार होतो.

बासष्ट-त्रेसष्ट सालची गोष्ट. अश्दोद म्हणजे तेव्हा वाळूत उभ्या केलेल्या बिल्डिंगी आणि मधून मधून एक बस. डाळीत वाळू, अंथरुणात वाळू, पोरांच्या कानात वाळू. बंदराचं काम चालू होतं आणि नाना तिथे दिवसपाळीला शोमेर होते, म्हणजे राखणदार. सिमेंटच्या थप्प्या राखायचे. उंच, वाळकुडा माणूस, अंगात मुंबईचा बुशकोट, खिशात मोजपट्टी. सिमेंट कुणी चोरलं नाही हे खरं, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ट्रकचा हँडब्रेक ओढलेला बघितल्याशिवाय नाना ड्रायव्हरला खाली उतरू द्यायचे नाहीत. ड्रायव्हर त्यांना शिव्या द्यायचे, पाच-सात भाषांतून. नानांना त्यातली एकही कळायची नाही, म्हणून सगळं सुरळीत चाललं होतं.

ही खोड मुंबईची. तिथे ते बॉयलर तपासणाऱ्या साहेबाच्या हाताखाली होते. गिरण्या-गिरण्यांतून फिरायचं, व्हॉल्व्ह बघायचे, काटे बघायचे. एक बॉयलर फुटलेला त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. त्याबद्दल ते कधी बोलायचे नाहीत, आणि बाकी सगळ्याबद्दल बोलायचे. अशाच एका गिरणीतल्या गोऱ्या मॅनेजरच्या मडमेने म्हणे त्यांच्या पायाचा अंगठा दाबून त्यांची जुनी डोकेदुखी घालवली. मडम विलायतेला परत गेली, ती जाताना तळव्यांचा आणि तळहातांचा एक रंगीत नकाशा नानांना देऊन गेली. त्या विद्येला नाना 'झोन' म्हणायचे. डोकं अंगठ्यात, कंबर टाचेजवळ, लिव्हर उजव्या तळव्यात. दोन मोठे तळवे, चौकोन चौकोन पाडलेले, हिरवे-पिवळे रंग दिलेले. नगरपालिकेचा एक माणूस नळाचं काही बघायला आला होता, तो त्या नकाशापुढे बराच वेळ उभा राहिला आणि ही नवी वस्ती नेमकी कुठे होणार आहे असं विचारून गेला.

अंगठ्यात डोकं असतं यावर माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आत्ताही नाही. पण दाबून घेतलं की बरं वाटायचं, हे खरं. नानांचंही म्हणणं तेवढंच. "बरं वाटेल. बरं होईल असं मी म्हटलेलं नाही. बरं व्हायचंय त्याने दवाखान्यात जावं."

दाबायला बसायचे ते थाटात. आधी स्वतःची नखं कापायची. अंगठी काढून ठेवायची. साबणाने हात धुवायचे. टबात कोमट पाणी, त्यात समोरच्याचे पाय, मग टॉवेल. तेल नाही. आम्ही कोकणातले ज्यू, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनवार तेली, वाडवडिलांनी कोकणात पिढ्यान्पिढ्या घाणा फिरवलेला, आणि आमच्याच माणसाने म्हणावं तेल नको! "तेलाने बोट घसरतं. घसरलं की प्रेशर कळत नाही. सगळा खेळ प्रेशरचा आहे." दाबताना ते पायाकडे बघायचेच नाहीत, तोंडाकडे बघायचे. "दुखलं की सांगा. सहन करू नका. सहन करणाऱ्या माणसाचं माझ्याकडे काम नाही." आणि दाबून झालं की पेलाभर पाणी प्यायल्याशिवाय कुणाला उठू द्यायचे नाहीत.

पण हे सगळं प्रश्नांतून पार पडलात तर. ते प्रश्न! जेवून किती वेळ झाला? ताप? जखम, फोड, चिरा? पोटरीला सूज, निळ्या शिरा? साखर? दिवस गेलेत? यातल्या एकालाही 'हो' म्हणालात की नाना टॉवेलची घडी घालायचे. घडी घातली म्हणजे खटला संपला. आमच्या जिन्यात दाबून घेतलेल्या लोकांपेक्षा दाबून न घेता परत आलेले लोक जास्त होते, आणि गंमत अशी की तेही समाधानाने परत यायचे. इतक्या आस्थेने त्यांना कुणी नाही म्हटलेलं नव्हतं.

मी उल्पानमध्ये, म्हणजे हिब्रूच्या सरकारी शाळेत, जाऊन आलेली, म्हणून दुभाष्याचं काम माझ्याकडे. तिसऱ्या मजल्यावर एक रुमानियावाली विधवा राहायची. सत्तरी उलटलेली, दांडगी बाई, सिगारेट ओढायची. ती पाय घेऊन आली. मी एकेक प्रश्न हिब्रूत केला, शेवटचा गाळला.

"सगळे विचारलेस?" नाना म्हणाले.

"एक सोडून."

"का?"

"नाना, अहो वय बघा त्यांचं!"

"बॉयलरचं वय बघून व्हॉल्व्ह तपासायचा सोडत नाहीत. विचार."

मी विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती बाई अशी हसली की सिगारेट टबात पडली. दुसऱ्या दिवशी भाजीवाल्यापासून बस-ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना तिने सांगून टाकलं, की अख्ख्या देशात एकच माणूस आपल्याला अजून तरुण समजतो. त्या दिवसापासून ती नानांची भक्त झाली, आठवड्याला येऊ लागली, आणि शेवटच्या प्रश्नाला दर वेळी लाजून "अजून नाही" म्हणू लागली.

दुसऱ्याची मजा बघितली की आपला नंबर लागतोच. माझं डोकं सारखं दुखायचं म्हणून सासूबाईंनीच मला नानांकडे नेलं. ताप? नाही. जखम? नाही. साखर? नाही. दिवस? मी गप्प. म्हणजे घोटभर थांबले असेन, जास्त नाही. नवऱ्याला सांगितलेलं होतं, सासूबाईंना शनिवारच्या जेवणानंतर सांगायचं ठरलं होतं. नाना माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी टॉवेल उचलला आणि शांतपणे घडी घातली. "हिचं काही दाबायचं नाही," ते सासूबाईंना म्हणाले, "सांभाळा सुनेला." दारात रुमानियावाली उभी होती. तिला मराठीचं ओ की ठो येत नव्हतं, पण टॉवेलची भाषा येत होती. "मझाल तोव!" म्हणजे अभिनंदन, असं ती जिन्यात ओरडली आणि माझी बातमी माझ्याआधी चारही मजले चढून आली. नानांवर मी महिनाभर रागावले होते.

तर असा हा माणूस. समोरचा घोटभर थांबला तरी त्यातलं सगळं ओळखणारा. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आमच्या लोकांची एक वेगळीच अडचण होती. परके लोक बिनधास्त पाय पुढे करायचे. आमच्यात वडीलधाऱ्याला चुकून पाय लागला तरी आपण त्याला हात लावतो आणि बोटं ओठांना लावतो, देवळातल्या सेफेर तोराला, म्हणजे धर्मग्रंथाच्या गुंडाळीला, हात लावून लावतो तशी. आणि इथे म्हाताऱ्या माणसाच्या मांडीवर पाय ठेवून बसायचं? माझे दीर एकदा आले, पाय द्यायच्या आधी नानांच्या पाया पडायला वाकले, तेव्हाच नाना त्यांचा पाय उचलायला वाकले, आणि दोघांची डोकी आपटली. कपाळावर टेंगळं घेऊन दोघं चहा प्यायले. त्यानंतर नानांनी तोड काढली. मडमेच्या नकाशात हातही होतेच. पायाचं सगळं हातातही असतं म्हणे. मग आमच्या लोकांचे हात आणि परक्यांचे पाय, अशी वाटणी झाली. कुणाची तक्रार नव्हती.

आता मावशी. नानांची बायको. माझी सख्खी कुणी नव्हे, पण तिचं माहेर माझ्या आईच्या गावाशेजारचं, पेणजवळचं, म्हणून मावशी. ठेंगणी, गोल, बोलायला तिखट. कापडाच्या गिरणीत उभ्याचं काम करायची; तिथे फ्रॉक घालायची आणि घरी आली की लुगडं. लुगड्याखाली मोजे. उन्हाळ्यातसुद्धा. "वाळू लागते मेली," म्हणायची. मूलबाळ नव्हतं. घरात दोघंच आणि तो नकाशा.

संध्याकाळी कामावरून आल्यावर, चहा झाल्यावर, त्या घरात पाय दाबले जायचे ते नानांचे. होय. झोनविद्येचे पंडित खुर्चीत पाय सोडून बसायचे आणि मावशी खाली बसून त्यांचे पाय दाबायची, तिच्या आईने वडिलांचे दाबले तसे. वरून नानांच्या सूचना. "अगं ती किडनी. मी लिव्हर म्हटलं."

"लिव्हर-बिव्हर मला माहीत नाही. पाय म्हटला की पाय."

एकदा, अश्दोदला नवीन नवीन असताना, नानांनी तिला म्हटलं होतं, तूही दे पाय. मी तिथेच होते. मावशीने लुगडं पावलांवर ओढून घेतलं. "खुळे झालात काय? नवऱ्याच्या हातात पाय देऊ? वर गेल्यावर एलियाहू हानाबीला काय तोंड दाखवू?" एलियाहू हानाबी म्हणजे आमचा नवसाला पावणारा प्रेषित.

"तो काय पाय बघत बसलाय?"

"तो नसेल बघत. मी बघते ना!"

आणि ट्रक ड्रायव्हरांशी, नगरपालिकेशी, सगळ्या जगाशी वाद घालणारा हा माणूस तिथे चक्क गप्प बसला. मला वाटतं, आत कुठेतरी त्यांनाही ते पटलेलं होतं. मडमेची विद्या मडमेच्या जागी आणि कोकणातलं हाड आपल्या जागी.

म्हणून मावशीचा हात. तिने त्यांचे पाय दाबून झाले की नाना स्टूल पुढे ओढायचे, तिचा हात घ्यायचे आणि दाबायचे. पण प्रश्न चुकायचे नाहीत. बायको झाली म्हणून काय झालं!

"ताप?"

"नाही."

"जखम?"

"नाही."

"साखर?"

"नाही."

देवळात प्रार्थना सांगणारा हज्जान एकेक म्हणतो आणि आपण सवयीने आमेन म्हणतो ना, तसं चालायचं. नाना तिच्या तोंडाकडे बघत असायचे आणि मावशी घोटभरसुद्धा थांबायची नाही.

त्यातले दोन 'नाही' खोटे होते. तिला साखर होती. गिरणीतल्या नर्सने शोधून काढली होती. ती नर्स कलकत्त्याची, बगदादी ज्यूंपैकी, हिंदुस्तानी बोलायची, त्यामुळे मावशीला माझी गरज पडली नाही आणि मला काही कळलं नाही. नर्सने बजावलं होतं, पाय जप, रोज बघत जा, पायाची जाणीव जाते आणि जखम झालेली कळत नाही. मावशी गोड कमी करून मोकळी झाली. पुढे उजव्या अंगठ्याखाली जखमही झाली. तिने तिच्यावर हळद भरली, वर मोजा चढवला, आणि संध्याकाळी म्हणाली, नाही.

हे सगळं तिने मला नंतर सांगितलं. मी भडकलेच. "अगं पण का? नाना काय मारणार होते तुला?" तर म्हणते कशी, "मारणार नव्हते, टॉवेलची घडी घालणार होते. तुला नाही घातली? अगं, एवढ्या वर्षांच्या संसारात हा माणूस कधी माझा हात धरून बसला नाही. मुंबईत बॉयलर. घरी आले की पेपर. इथे म्हातारपणी ही विद्या अंगात शिरली आणि रोज अर्धा तास बसतात समोर, हातात हात घेऊन, तोंडाकडे बघत. साखर आहे म्हटलं असतं की दुसऱ्या दिवसापासून बंद. नियम म्हणजे नियम. मग मी काय त्या नकाशाकडे बघत बसायचं?"

मला रडू आलं आणि रागही आला. त्या अर्ध्या तासासाठी बाई आपला पाय घालवायला निघाली होती.

थंडीचे दिवस होते. माझा मुलगा झाला होता, चार-पाच महिन्यांचा, त्याला कडेवर घेऊन मी नानांकडे बसले होते. रुमानियावालीचा वार होता. नाना तिच्याशी माझ्या तोंडून प्रश्नोत्तरं करत होते. मावशी आत पतीलियावर, म्हणजे इथल्या वातीच्या स्टोव्हवर, पाणी तापवत होती. एरवी नाना टबात कोपर बुडवून बघितल्याशिवाय कुणाचा पाय आत जाऊ द्यायचे नाहीत. त्या दिवशी मावशी टब घेऊन आली तेव्हा ते नखं कापत होते.

"बघितलंस ना पाणी?"

"बघितलं. कोमट आहे."

रुमानियावालीने दोन्ही पाय एकदम टबात घातले आणि किंकाळी फोडली. "खाम! खाम!" गरम, गरम! टब लवंडला, पाणी सगळ्या खोलीभर, माझा मुलगा रडायला लागला. नानांनी त्या दांडग्या बाईला धरून मोरीत नेलं आणि तिचे पाय नळाखाली धरले. मावशी तेलाची बाटली घेऊन धावली. "तेल नको!" नाना ओरडले. "काही लावायचं नाही! नुसतं गार पाणी, चालू राहू दे." मग मला म्हणाले, हिला इथेच बसवून ठेव, नळ बंद करू नको.

बाईचे पाय लाल झाले होते, फोड नव्हता. देवाची दया. तिचं शिव्या देणं चालू झालं तेव्हा मला धीर आला.

नाना मात्र लवंडलेल्या टबापाशी गेले. तळाशी उरलेल्या पाण्यात त्यांनी कोपर टेकलं आणि चटकन काढलं.

"हे तू कोमट म्हणालीस?"

"मला लागलं कोमट."

"कशाने बघितलंस?"

"पायाने. हाताला पीठ होतं. मोजा काढला, टबात पाय घालून बघितलं आणि मोजा परत चढवला."

तुम्ही आमच्यातले असाल तर यात तुम्हाला काही वावगं वाटणार नाही. गावाकडे न्हाणीत बसलं की पहिला तांब्या आपण पायावरच ओततो. पायाने पाणी बघायचं, मग डोक्यावर घ्यायचं. आई तसंच करायची, आजी तसंच करायची. मावशीने तेच केलं होतं. पण जे पाणी कोपराला सोसवलं नाही ते तिच्या पायाला कोमट लागलं, आणि हे ऐकून नानांचा चेहरा पांढरा पडत गेला तो मी मोरीच्या दारातून बघितला.

"मोजा काढ."

"काय झालंय तुम्हाला? लोकं आहेत घरात."

"अगं, पाय भाजलाय तुझा!"

"काही भाजलेला नाही. मला काही होत नाहीये."

"तेच म्हणतोय मी!" नाना एवढ्या मोठ्याने ओरडले की मुलगा रडायचा थांबला.

मावशी खुर्चीवर बसली आणि पाय लुगड्यात ओढून घेतले. नाना तिच्यासमोर खाली बसले. स्टुलावर नाही, फरशीवर, त्या सांडलेल्या पाण्यात. बुशकोट भिजला. आणि त्यांनी प्रश्न सुरू केले. आवाज अगदी हळू.

"ताप?"

"नाही."

"जखम?"

मावशी थांबली. घोटभर नाही, चांगली थांबली. नळाचं पाणी तेवढं वाजत होतं. नाना तिच्या तोंडाकडे बघत होते.

"आहे."

"साखर?"

"आहे."

मी टॉवेलकडे बघितलं. वर्षभर त्या टॉवेलची घडी बघून माझी नजर तिकडेच जायची. नानांनी टॉवेल घेतला, उलगडला आणि आपल्या मांडीवर पसरला.

"दे."

"पाप लागेल हो."

"लागलं तर मला लागेल. मी मागतोय."

तिने पाय दिला. नानांनी मोजा काढला. अंगठ्याखाली हळदीने पिवळी झालेली, कडेने काळी पडलेली ती जखम होती, आणि बाकीचं पाऊल भाजून लाल. नकाशात अंगठ्याखाली काय येतं ते तोपर्यंत मलाही पाठ झालं होतं, पण नकाशाकडे कुणी बघितलंच नाही. नानांनी घोटा एका हाताने धरला. दुसऱ्या हाताचा अंगठा सवयीने तळव्यावर आला आणि थांबला. दाबायचं नव्हतं. साखर होती, जखम होती, भाजलं होतं. त्यांचे स्वतःचे सगळे नियम आडवे आले होते. अख्ख्या बिल्डिंगीचे पाय दाबून झाल्यावर बायकोचा पाय पहिल्यांदा हातात आला, तो नुसता धरून बसायला.

मावशीने वाकून त्यांच्या खांद्याला हात लावला आणि बोटं ओठांना लावली. चुकून पाय लागल्यावर लावतो तशी. मग ती रडायला लागली. मोरीत रुमानियावालीने शिव्या थांबवल्या आणि माझा दंड घट्ट धरला.

नानांनी बंदरावरचा एक ट्रक आणला. ज्या ड्रायव्हरच्या ब्रेकवरून रोज भांडण व्हायचं तोच आला, आणि मावशी बसल्यावर त्याने नानांना ब्रेक हात लावून दाखवला. तसेच दोघं शेजारच्या गावातल्या मोठ्या इस्पितळात गेले. मावशी बरेच दिवस तिथे होती. अंगठा गेला. पाय राहिला. "नकाशात अंगठा म्हणजे डोकं ना?" शुद्धीवर आल्यावर मावशी म्हणाली. "डोकं गेलं बाई एकदाचं. आता सुखाने राहीन."

नाना हसले नाहीत. त्या दिवसांत ते कुणाचाच हात-पाय धरायचे नाहीत. लोक यायचे, ते दारातूनच 'अनी लो रोफे' म्हणायचे, आणि पहिल्यांदाच ते वाक्य ऐकताना आम्हाला हसू यायचं नाही. एकदाच मला म्हणाले, "सगळ्या मुंबईचे बॉयलर तपासले गं. घरातला तपासला नाही." त्यांना कुणी समजूत घातलेली चाललीच नसती.

मावशीला घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरशी बोलायला ते मला घेऊन गेले. डॉक्टर तरुण होता, घाईत होता. त्याने गोळ्या सांगितल्या, पथ्य सांगितलं, आणि म्हणाला, घरातल्या कुणीतरी रोज हिचे पाय बघायचे. बोटांच्या मधे, टाचेला, सगळीकडे. पाणी कोमट, ते दुसऱ्याने हाताने बघायचं. मी सगळं मराठीत सांगितलं. नानांनी मान हलवली, पण उठले नाहीत.

"विचार त्यांना, हात दाबला तर चालेल का?"

मी विचारलं. "कुणाचा हात?" डॉक्टर म्हणाला.

"बायकोचा."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "बायकोचा हात धरायला यांना माझी परवानगी हवी आहे?"

मी ते मराठीत सांगितलं, जसंच्या तसं. मला वाटलं, नाना चिडतील.

"हो," नाना म्हणाले.

डॉक्टरने त्यांच्याकडे नीट बघितलं, बहुतेक पहिल्यांदाच. "सांग त्यांना, हात बेसेदर, चालेल. हलक्या हाताने, रोज. पाय फक्त बघायचे, दाबायचे नाहीत." नानांनी ते माझ्याकडून परत परत वदवून घेतलं, एकदा उलटंसुद्धा, बॉयलरचा दाखला घेताना घेत असतील तसं.

घरी आल्यावर मावशीने एलियाहू हानाबीचा मलिदा केला. नवस बोलली होती. पोहे कुणीतरी मुंबईहून आणलेले, खोबरं सुकं, गूळ नाहीच म्हणून साखर. बशीभर प्रसाद सगळ्यांना, रुमानियावालीला दोनदा, आणि मावशीच्या हातावर नानांनी चिमूटभर ठेवला. "देवाच्या प्रसादालाही साखरेचा हिशेब!" ती म्हणाली. "देवाला साखर नाही झालेली," नाना म्हणाले. ते पुन्हा पहिल्यासारखे बोलायला लागले म्हणून आम्ही सगळे किती सुखावलो होतो!

त्यानंतर त्या घरातली संध्याकाळ बदलली. नाना आधी हाक मारायचे, "चल, इन्स्पेक्शन!" मावशी खुर्चीवर, नाना खाली. टबात कोपर. मग पाय धुवायचे, बोटांच्या मधून टिपून कोरडे करायचे, आरसा धरून टाच बघायची. डॉक्टरचा हुकूम, त्यामुळे एलियाहू हानाबीची अडचण मिटली होती. तरी मावशी आधी खिडकीची झडप लावून घ्यायची. प्रश्न चालूच होते. "साखर?" "आहे." त्याच सुरात. मग हात, अर्धा तास.

एकदा मी भांडं परत द्यायला गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. मावशीचा पाय नानांच्या मांडीवर टॉवेलात होता आणि ती म्हणत होती, "आता दाबा की जरा. अख्ख्या गावाची पावलं दाबलीत, माझंच काय घोडं मारलंय?"

"नाही. साखर आहे."

"एकदा! हळूच!"

"नियम म्हणजे नियम."

"बरं, मग सोडा तरी पाय. पुसून कधीचा झालाय."

"थांब जरा," नाना म्हणाले. "अजून बघतोय."

मी दारातून वाकून बघितलं. नानांनी पाय दोन्ही हातांत धरला होता आणि त्यांचे डोळे मिटलेले होते.